नोंदवहीचे नियम : पोस्टग्रेसविषयीं नेहमीं विचारले जाणारे कांहीं प्रश्न

शाळेच्या कचेरींत जनरल रजिस्टर नांवाचें जाड बांधणीचें पुस्तक असतें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मुलाचें नांव, आईबापांचीं नांवें, जन्मतारीख, जन्मस्थळ, पूर्वींची शाळा, दाखल झाल्याचा दिवस, हें सर्व त्यांत एका ओळींत लिहिलेलें असतें व शाळा सोडल्याचा दाखला त्याच ओळीवरून उतरवून दिला जातो. त्या ओळींतील जन्मतारखेचा एक आंकडा चुकला तर ती चूक परीक्षेचे अर्ज, नोकरीचे कागद, निवृत्तिवेतनाचा हिशोब अशा सर्व ठिकाणीं त्या मनुष्याच्या मागें लागते. हल्लीं अशा नोंदी कागदाबरोबर संगणकांतही ठेवितात. बँकेचीं खातीं, आगगाडीचीं आरक्षणें, दवाखान्यांतील केसपेपर यांचीही तीच गोष्ट. ज्या यंत्रणेंत ह्या नोंदी राहतात तिला डेटाबेस म्हणतात. वरच्या इयत्तांतील विद्यार्थी व कांहीं पालक आम्हांस तिच्याविषयीं जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांतील मुख्य मुख्य घेऊन चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. डेटाबेस अनेक आहेत; आम्हीं येथें पोस्टग्रेस-क्यू-एल हा घेतला आहे, कारण तो मोफत मिळतो, घरच्या साध्या संगणकावर बसवितां येतो, आणि मोठमोठ्या संस्थाही तोच वापरतात.

हा डेटाबेस ‘रिलेशनल’ जातीचा आहे. तें काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. एका घरचीं तीन भावंडें एकाच शाळेंत पांचवी, सातवी व नववी अशा तीन इयत्तांत शिकत आहेत असें समजा. प्रत्येक वर्गशिक्षकाच्या वहींत त्यांचा पत्ता व पालकाचा फोन नंबर लिहिलेला आहे. म्हणजे एकच पत्ता तीन ठिकाणीं झाला. पुढें तें कुटुंब घर बदलतें. पालक पांचवीच्या शिक्षकांस समक्ष सांगतात, सातवीच्या बाईंकडे चिठ्ठी पाठवितात, नववीचें राहून जातें. आतां शाळेजवळ एकाच कुटुंबाचे दोन पत्ते झाले, आणि त्यांतील खरा कोणता हें वह्या पाहून कोणासही सांगतां येणार नाहीं. शिक्षक निष्काळजी होते असें म्हणण्याचें येथें कारण नाहीं. एक गोष्ट तीनदां लिहिण्याची पद्धतीच असल्या घोटाळ्याला जन्म देते. रिलेशनल पद्धतींत कुटुंबांचा तक्ता निराळा व विद्यार्थ्यांचा निराळा ठेवितात. कुटुंबाच्या तक्त्यांत पत्ता एकदांच लिहितात व त्या ओळीला एक अंक देतात. विद्यार्थ्याच्या ओळींत पत्ता न लिहितां केवळ तो अंक लिहितात. पत्ता हवा असेल तेव्हां यंत्रणा त्या अंकावरून दोन तक्ते सांधून दाखविते. घर बदललें तर एकच ओळ दुरुस्त करावयाची.

ही कल्पना एडगर कॉड यांची. कॉड हे जन्मानें इंग्रज. दुसऱ्या महायुद्धांत ते ब्रिटिश वायुदलांत वैमानिक होते. पुढें अमेरिकेंत आय्. बी. एम्. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत काम करीत असतां १९७० सालीं त्यांनीं आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यापूर्वींच्या यंत्रणांत एखादी नोंद काढावयाची तर ती कोणत्या वाटेनें कोठें ठेविली आहे हें प्रोग्राम लिहिणाऱ्यास ठाऊक असावें लागे; वाट बदलली कीं प्रोग्राम निकामी. कॉड यांचें म्हणणें असें कीं, काय पाहिजे एवढें माणसानें सांगावें, वाट यंत्रानें शोधावी. त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं अशा मागण्या लिहिण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. थोड्या नामांतरानें तीच आज एस्. क्यू. एल्. म्हणून सर्वत्र चालते.

नांवाचा उच्चार कसा करावयाचा, हें पुष्कळ जण विचारतात. ‘पोस्ट-ग्रेस-क्यू-एल’ हा पूर्ण उच्चार. रोजच्या बोलण्यांत ‘पोस्टग्रेस’ म्हटलें तरी चालतें. कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कली येथें, मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग ह्या प्राध्यापकांनीं कॉड यांच्या कल्पनेवरून ‘इंग्रेस’ नांवाचा डेटाबेस रचला होता. १९८६ सालीं स्टोनब्रेकर यांनीं त्याच्या पुढील काम आरंभिलें व ‘इंग्रेसच्या नंतरचा’ ह्या अर्थानें त्याला पोस्टग्रेस हें नांव दिलें. विद्यापीठांतील तें काम १९९४ सालीं संपलें. तेथेंच तें फडताळांत पडून राहावयाचें. परंतु अँड्र्यू यू व जॉली चेन ह्या दोघां विद्यार्थ्यांनीं त्याला एस्. क्यू. एल्. भाषा शिकविली, आणि १९९६ पासून निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनीं तें पुढें चालविलें. नांवाच्या शेवटचीं ‘क्यू-एल’ हीं अक्षरें तेव्हां जोडलीं गेलीं. ह्या स्वयंसेवकांतील ब्रूस मोमजियन हे पूर्वीं हायस्कुलांत संगणकशास्त्र शिकवीत असत, आणि नवशिक्यांच्या नेहमींच्या प्रश्नांचीं उत्तरें लिहून ठेवण्याचें काम कित्येक वर्षें त्यांनींच केलें. शिक्षकी पेशाची संवय सुटत नाहीं ती अशी! ह्या डेटाबेसची निशाणी हत्ती ही आहे.

“मोफत आहे, मग त्याचा भरंवसा काय?” हा प्रश्न पालकांकडून येतो, आणि तो रास्त आहे. पोस्टग्रेस कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नाहीं. त्याचें परवानापत्र अगदीं आंखूड आहे : कोणीही तो वापरावा, त्याच्या प्रती काढाव्या, त्यांत बदल करावे, विकावा सुद्धां; मात्र हक्काची मूळ सूचना प्रत्येक प्रतींत राहूं द्यावी, आणि कांहीं नुकसान झालें तर विद्यापीठास जबाबदार धरूं नये. त्याचा मूळ मजकूर, म्हणजे तो ज्या ओळींनीं बनला आहे त्या सर्व ओळी, कोणासही वाचावयास खुल्या आहेत. बंद डब्यांतील औषध घेतांना आपण कंपनीच्या नांवावर विश्वास ठेवितों. येथें पाहिजे त्यानें औषधांतील प्रत्येक द्रव्य तपासून घ्यावें अशी मुभा आहे. प्रत्येकजण तपासतो असें नव्हे, पण तपासणारे पुष्कळ आहेत. मोफत म्हणजे बिनखर्ची, असा समज मात्र कोणीं करून घेऊं नये. तो चालविण्यास जाणता मनुष्य लागतो, आणि त्या मनुष्याचा पगार कोणतेंही परवानापत्र माफ करीत नाहीं.

दुसरे पालक म्हणतात, “एक्सेलचा तक्ता आहेच कीं! त्यांत काय उणें आहे?” चाळीस मुलांच्या सहलीच्या वर्गणीसाठीं कांहींच उणें नाहीं, आम्हीही तोच वापरतों. परंतु २०२० सालीं इंग्लंडांत काय झालें तें पाहा. करोनाच्या सांथींत प्रयोगशाळांकडून येणारे अहवाल एक्सेलच्या जुन्या धर्तीच्या तक्त्यांत उतरविले जात होते. त्या धर्तीच्या तक्त्यांत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. तक्ता भरला, उरलेल्या ओळी गळून गेल्या, व सप्टेंबरच्या अखेरीच्या व ऑक्टोबरच्या आरंभीच्या आठवड्याभरांत १५,८४१ रुग्ण गणतींतून सुटले. त्या रुग्णांच्या सहवासांत आलेल्या लोकांस वेळेवर इशारा मिळाला नाहीं. येथें दोष तक्त्याचा म्हणण्यापेक्षां तो भलत्या कामाला जुंपण्याचा होता. पोस्टग्रेसचा एक तक्ता सामान्यतः ३२ टेराबाइटपर्यंत वाढूं शकतो, आणि नोंद मावत नसेल तर तो ती मुकाट्यानें टाकून देत नाहीं. नाकारतो, व नाकारल्याचें सांगतो.

हें नाकारणें, आमच्या मतें, डेटाबेसचा सर्वांत मोठा गुण होय. म्हणून येथें थोडें थांबूं. तक्ता आंखतांना आपण त्याला नियम सांगूं शकतों : जनरल रजिस्टराचा क्रमांक दोघांस एकच असूं नये, जन्मतारखेचा रकाना रिकामा राहूं नये, फीची पावती ज्या विद्यार्थ्याच्या नांवें फाडली तो विद्यार्थी विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत असलाच पाहिजे, गुण शून्याहून कमी व शंभराहून अधिक नसावे. एकदां सांगितले कीं हे नियम कारकुनास लागूं, शिक्षकांस लागूं, आणि घाईनें एखादी नोंद करूं पाहणाऱ्या मुख्याध्यापकांसही लागूं. पावत्या असलेल्या विद्यार्थ्याची ओळ कोणीं खोडावयास गेलें तर यंत्रणा खोडूं देत नाहीं. कागदावरील रजिस्टरांत हे सर्व नियम लिहिणाऱ्याच्या मनांत असतात, आणि मन दुपारीं चार वाजतां थकतें.

परंतु जो नियम आपण सांगितला नाहीं तो यंत्रणेला ठाऊक नसतो. तारखेचेंच घ्या. ३० फेब्रुवारी ही तारीख पोस्टग्रेस आपण होऊन नाकारतो. पण कोणीं ०३/०४/२०१२ असें लिहिलें तर? आपल्याकडे ही ३ एप्रिल. अमेरिकेंत हीच ४ मार्च. डेटाबेस कोणत्या देशाच्या रीतीनें बसविला आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो, आणि तसें कांहीं न ठरविल्यास अमेरिकन रीत धरली जाते. मौज अशी कीं, त्याच रीतींत २५/०४/२०१२ लिहिल्यास तक्रार येते, कारण पंचविसावा महिना नाहीं; म्हणजे महिन्याच्या उत्तरार्धांत जन्मलेलीं मुलें वांचतात, आणि पहिल्या बारा तारखांस जन्मलेलीं बहुतेक सर्व मुलें कांहीं गाजावाजा न होतां दुसऱ्याच वाढदिवसाचीं होतात. ह्याला उपाय सोपा आहे. तारीख नेहमीं वर्ष, महिना, दिवस ह्या क्रमानें द्यावी : २०१२-०४-०३. हा क्रम पोस्टग्रेस कोणत्याही रीतींत एकाच अर्थानें वाचतो. शाळेच्या नोंदी संगणकांत चढविणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट पाळली तरी कित्येक मुलांचे पुढील हेलपाटे टळतील. पालकांनींही छापून आलेली प्रत हातीं पडतांच प्रथम जन्मतारीखच वाचावी. १५ जूनच्या जागीं १६ जून पडलें असेल तर तें जगांतील कोणत्याही यंत्रणेला कळणार नाहीं, घरच्यांसच कळेल.

विद्यार्थ्यांस सर्वांत अधिक कोड्यांत टाकणारी वस्तु म्हणजे ‘नल’. दमयंतीच्या नलाशीं हिचा संबंध नाहीं. रकाना रिकामा आहे, मूल्य ठाऊक नाहीं, असें सांगणारी ही खूण आहे. गणिताच्या परीक्षेंत पांच मुलांपैकीं चौघांस ६०, ५०, ४० व ० असे गुण मिळाले, आणि पांचवा तापामुळें गैरहजर राहिला असें समजा. त्याच्या रकान्यांत शून्य लिहिलें तर वर्गाची सरासरी ३० येते. नल ठेविलें तर यंत्रणा त्याला सरासरींतून वगळते आणि ३७·५ येते. दोन्हीं उत्तरें गणितानें बरोबर, पण खरें एकच. आणि तापानें फणफणलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर शून्य लिहिणें हें तर सरळसरळ असत्य. आतां गंमत पुढेंच आहे. ‘ज्यांचे गुण शून्य नाहींत अशीं मुलें दाखव’ अशी आज्ञा दिली तर तिघेंच दिसतात. गैरहजर मुलगा ‘शून्य असलेल्यांत’ नाहीं आणि ‘शून्य नसलेल्यांत’ही नाहीं! कारण त्याचे गुण शून्य आहेत कीं नाहींत ह्या प्रश्नाचें यंत्रणेचें प्रामाणिक उत्तर ‘ठाऊक नाहीं’ असें असतें, आणि ठाऊक नसलेलें ती यादींत घालीत नाहीं. एक नल दुसऱ्या नलाबरोबर आहे काय असें विचारलें तरी हेंच उत्तर. अशा मुलांची यादी हवी असेल तर ‘ज्यांचे गुण नल आहेत तीं दाखव’ असें निराळें विचारावें लागतें. त्यासाठीं भाषेंत स्वतंत्र शब्दप्रयोग आहे. पुष्कळ विद्वान् ह्या तिसऱ्या उत्तरावर रागावलेले आहेत. आम्हांस मात्र वाटतें कीं, ‘ठाऊक नाहीं’ असें स्पष्ट म्हणणारें यंत्र अंदाजानें शून्य लिहिणाऱ्या यंत्राहून बरें.

कचेरींतील मंडळींची नेहमींची तक्रार निराळीच असते : “आपोआप पडणाऱ्या क्रमांकांत मध्येंच खळगे कां पडतात? १०० नंतर एकदम १०२! १०१ कोणीं खाल्ला?” कोणीं खाल्ला नाहीं. दोन खिडक्यांवर दोघे कारकून एकाच वेळीं पावत्या करीत आहेत. पहिल्यानें १०१ घेतला, दुसऱ्यानें १०२ घेतला. इतक्यांत पहिल्या खिडकीवरील पालक पैसे घरीं विसरल्याचें सांगतात व ती नोंद रद्द होते. आतां १०१ परत ठेवावा तर १०२ पुढें निघून गेला आहे. आणि परत येईल कीं काय ह्याची वाट पाहत प्रत्येकास थांबविलें तर एका खिडकीसाठीं साऱ्या खिडक्या बंद पडतील. म्हणून घेतलेला क्रमांक परत ठेवावयाचा नाहीं असा पोस्टग्रेसचा रिवाज आहे. वीज अकस्मात् गेली तरीही कांहीं क्रमांक असे सुटूं शकतात. ज्या क्रमांकांत खळगा पडूं नये असा दंडक आहे त्यासाठीं ही आपोआपची सोय मुळींच वापरूं नये. तेथें निराळी तजवीज करावी, आणि पावती रद्द झाली तर ती कागदी पावतीपुस्तकांतल्याप्रमाणें ‘रद्द’ असा शेरा मारून ठेवावी.

वीज गेल्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. पैसे भरल्याची नोंद झाली आणि बाकी कमी होण्याच्या आंत दिवे गेले, तर काय? पोस्टग्रेसमध्यें अशा दोन नोंदींची मोट बांधतां येते. तिला ‘ट्रँझॅक्शन’ म्हणतात. एक तर दोन्ही होतील, नाहीं तर एकही होणार नाहीं. हें साधतें कसें, तें दुकानदारांच्या मुलांस चटकन् कळेल. व्यापारी आधीं रोजकीर्दींत लिहितो आणि मग सवडीनें खतावणी करितो. पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधीं एका रोजकीर्दींत क्रमवार लिहून ती तबकडीवर पक्की करितो, आणि तेव्हांच ‘झालें’ म्हणून सांगतो. तक्त्यांतील खतावणी मागाहून होते. दिवे आल्यावर तो रोजकीर्द वाचून अपुरी खतावणी पुरी करितो, आणि जी मोट पुरी बांधली गेली नव्हती ती नसल्यासारखी धरितो.

मराठी नांवें देवनागरींत ठेवितां येतात काय? येतात, व अवश्य ठेवावीं. केवळ रोमन लिपींत लिहिलेलें नांव परत मराठींत उतरवितांना ‘साठे’चे ‘साथे’ झालेले पाहण्याचा योग पुष्कळांस येतो. मात्र तीन गोष्टी ध्यानांत असूं द्याव्या. पहिली, ‘शाळा’ ह्या शब्दांत आपण दोन अक्षरें मोजतों, यंत्रणा चार मोजते, कारण काना तिच्या हिशोबीं निराळा. म्हणून रकान्याची लांबी आंखतांना हात आंखडता घेऊं नये. दुसरी, लावणीच्या क्रमाची. संगणकाच्या संकेतांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढें आहे, आणि आपल्या वर्णमालेंत तो ‘ह’च्या पुढें येतो, त्यामुळें केवळ संकेतक्रमानें यादी लावली तर मळेकर हे महाजनांच्या आधीं येऊन बसतात. भाषेच्या रीतीनें क्रम लावण्याची सोय पोस्टग्रेसमध्यें आहे, आणि २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ती विशेष चांगली झाली आहे. पण ती मागावी लागते. तिसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि अस्सल मराठी आहे. ‘कऱ्हाडकर’ ह्या आडनांवांतील ‘ऱ’ दोन तऱ्हांनीं टंकितां येतो : एक सबंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखालीं नुक्ता म्हणून. डोळ्यांस दोन्ही एकच; यंत्रणेला दोन निरनिराळे शब्द. मग नांव यादींत असूनही शोधल्यास सांपडत नाहीं, आणि कचेरींतून ‘तुमच्या मुलाची नोंदच नाहीं’ असें उत्तर मिळतें. तेराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, अशीं चिन्हें एका रूपांत आणण्याची क्रिया पोस्टग्रेसमध्येंच दिलेली आहे. नांवें आंत घेतांना ती करून घेणें हें प्रत्येक मराठी संस्थेचें कर्तव्यच समजावें.

कांहीं किरकोळ प्रश्न. सूचि केली तरी यंत्रणा ती वापरीत नाहीं, असें कां? साठ मुलांचा तक्ता आठ किलोबाइटच्या एका पानांत मावतो. चार पानांच्या चोपडीला कोणी अनुक्रमणिका पाहत नाहीं. तक्ता मोठा झाला कीं ती आपण होऊन सूचि वापरूं लागते. ओळी खोडल्या तरी जागा रिकामी होत नाहीं, कां? खोडलेली ओळ लगेच पुसली जात नाहीं, कारण त्याच क्षणीं दुसरा कोणी ती वाचीत असेल; मागाहून झाडलोट होते, आणि ती झाडलोट हल्लीं आपोआप होते. ती बंद करून ठेवण्याचें शहाणपण कोणीं करूं नये. तक्त्याच्या इंग्रजी नांवांतील मोठीं अक्षरें लहान कां होतात? अवतरणचिन्हें घातलीं नाहींत म्हणून. देवनागरीला हा रोगच नाहीं.

दुसरे मोफत डेटाबेस आहेत त्यांचें काय? ‘मायएसक्यूएल’ १९९५ चा. त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांनीं आपल्या ‘माय’ नांवाच्या मुलीवरून त्याला नांव दिलें. २०१० सालीं तो ऑरॅकल कंपनीकडे गेला. तत्पूर्वींच विडेनियस यांनीं त्याची निराळी शाखा काढून तिला धाकट्या मुलीवरून ‘मारियाडीबी’ हें नांव दिलें होतें. ‘एसक्यूलाइट’ हा रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं, अमेरिकन आरमाराच्या एका विनाशिकेवरील कामाच्या निमित्तानें रचला. तो इतका लहान व स्वावलंबी आहे कीं प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्यें व आयफोनमध्यें आढळतो. एका माणसाला एका यंत्रावर काम करावयाचें असेल तर आम्ही त्याचीच शिफारस करूं. अनेकांनीं एकाच वेळीं लिहावयाचें आणि नियम कडक हवे, तेथें पोस्टग्रेस.

आतां शेवटचा व सर्वांत गंभीर प्रश्न राहिला : सर्व कांहीं नाहींसें झालें तर? ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं गिटलॅब ह्या कंपनींत हेंच घडलें. प्रोग्राम लिहिणाऱ्या लोकांचीं कामें सांभाळून ठेवण्याचा तिचा व्यवसाय, आणि त्यांच्या नोंदी पोस्टग्रेसमध्यें. मुख्य यंत्राची एक जुळी प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेविलेली असे. ती मागें पडल्यामुळें ती पुसून नव्यानें करावी असें एका अभियंत्यानें ठरविलें, आणि दिवसभराच्या श्रमानंतर पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य यंत्रावरच दिली. क्षणांत त्याच्या ध्यानांत आलें. पण तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं अवघे साडेचार उरले होते. मग राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज निघणाऱ्या प्रतींची जागा रिकामी होती. प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळें तो नव्या डेटाबेसपुढें रोज अपयशी होत होता. तसें तो पत्रानें कळवीतही होता, पण तीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. इतर उपायांचीही थोड्याफार फरकानें हीच कथा. सुदैवानें, चांचणीच्या कामासाठीं सहा तासांपूर्वीं कोणीं हातानें एक प्रत काढून ठेविली होती; तिच्यावरून सारें उभें केलें. मधल्या सहा तासांत झालेलें काम मात्र गेलें. त्यांत अदमासें ५,००० प्रकल्पांतील बदल, ५,००० अभिप्राय व ७०० नवीं खातीं होतीं. त्या कंपनीनें हा सर्व वृत्तांत, आपल्या चुकांसह, जगापुढें मांडला, आणि त्या अभियंत्यावर खापर फोडलें नाहीं. हें आम्हांस विशेष स्तुत्य वाटतें.

पोस्टग्रेसचे नियम येथें उपयोगी पडले नाहींत, कारण हुकूम डेटाबेसला दिलेलाच नव्हता. त्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती. जुळी प्रतही तशा प्रसंगीं पुरी पडत नाहीं. मुख्य यंत्रावर एखादी ओळ चुकून खोडली तर जुळें यंत्र आज्ञाधारकपणें तीच ओळ खोडतें! म्हणून राखीव प्रत निराळी, निराळ्या जागीं व निराळ्या दिवसाची हवी. ती काढण्याचें साधन पोस्टग्रेसबरोबरच मिळतें. पण कपाटांतील प्रत चांगली आहे हें ओळखण्याचा एकच मार्ग आहे. दर सत्रांत एकदां ती प्रत रिकाम्या यंत्रावर उतरवावी, आणि जनरल रजिस्टरांतील कोणतींही दहा नांवें काढून तीं आंत आहेत कीं नाहींत, तारखांसह पाहावीं. हें काम एका दुपारचें आहे, आणि वरच्या वर्गांतील दोन विद्यार्थ्यांच्या साह्यानें कोणतीही शाळा तें करूं शकेल. मात्र साह्य करणाऱ्या विद्यार्थ्यांस पालकांचे फोन नंबर व इतर खासगी रकाने दिसण्याचें कारण नाहीं. कोणास काय वाचूं द्यावयाचें हेंही पोस्टग्रेसला रकान्यारकान्यानें सांगतां येतें, आणि तें आधीं सांगून मगच यंत्र त्यांच्या हातीं द्यावें.

ज्यांस घरीं प्रयोग करावयाचा आहे त्यांनीं चालू आवृत्ति घ्यावी. दरवर्षीं बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरांत नवी मोठी आवृत्ति निघते आणि तिची डागडुजी पांच वर्षें होते. अठरावी आवृत्ति सप्टेंबर २०२५ मध्यें निघाली. पहिला तक्ता घरच्या पुस्तकांचा करावा, दुसरा लेखकांचा, आणि तिसरा कोणीं कोणतें पुस्तक केव्हां नेलें ह्याचा. तिसऱ्या तक्त्यांत परत आणल्याच्या तारखेचा रकाना ठेवावा लागेल, आणि पुस्तक अजून बाहेर असेल तोंवर त्यांत काय लिहावें, हें वर सांगितलेल्या नलावरून विद्यार्थ्यांनीं आपलें आपण ठरवावें.